फळ्याचा उजवा कोपरा

आमच्या शाळेचा फळा दर जूनमध्ये नव्याने काळा व्हायचा. जुन्या सेलमधला कोळसा आम्ही पोरं दगडाने कुटायचो, कुणीतरी परड्यातून भोपळ्याची पानं आणायचं, आणि दोन्ही एकत्र वाटून गुरुजी तो लगदा फडक्याने फळ्यावर घासायचे. मग दोन दिवस फळ्याला हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी पहिला खडू. वरचा डावा कोपरा तारीख, वार, पट आणि हजर यांचा. मधला भाग सगळ्यांचा, कारण पहिली ते चौथी एकाच खोलीत बसायची. खालचा उजवा कोपरा मात्र चौकट आखून राखलेला असायचा. तो 'उद्या'चा. उद्या चिंचोके आणा. उद्या सकाळची शाळा. उद्या नखं बघणार आहे.

शाळा सुटली की गुरुजी फळा पुसत, तेवढी चौकट सोडून. आणि फळ्यासमोरची खिडकी उघडी ठेवून जात. भातलावणीच्या दिवसांत निम्मी पोरं रानात असायची. संध्याकाळी गुरं घेऊन परतताना ती गजांतून आत डोकवायची आणि कोपरा वाचून पुढे जायची. लावणीत मीही असायचे, मीही तसा वाचलाय. अंधारात नीट दिसत नसे, पण गुरुजींचं अक्षर टपोरं होतं आणि मजकूर कधी दोन ओळींच्या वर नसे.

पुढे डी.एड.ला फलकलेखन रीतसर शिकले. अक्षर शेवटच्या बाकावरून दिसलं पाहिजे, लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करायची नाही, पाठ संपल्यावर फळा पुसून जायचं. सराव पाठाच्या वहीत मला एकदा 'फलकलेखन उत्तम, मात्र गर्दी' असा शेरा मिळाला होता. तो मी तेव्हा मनावर घेतला नाही. घेतला असता तर पुढची काही वर्षं वाचली असती.

नोकरी लागली ती पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत. डोंगरातली द्विशिक्षकी शाळा, पट विसाच्या आसपास. थोड्याच वर्षांत एमएस-सीआयटीचं वारं आलं. पास नसाल तर वेतनवाढ अडेल, असा धाक होता, त्यामुळे आम्ही सगळे पन्नाशीतल्या सहकाऱ्यांसकट माउस धरायला शिकलो. मला मात्र ते आवडलं. तालुक्याच्या गावी कॅफेत बसून मी वर्गाचं पहिलं पान बनवलं, कृतिदेव फाँटमध्ये. घरी येऊन नवऱ्याला दाखवायला गेले तर त्याच्या ऑफिसच्या संगणकावर 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं उभी. त्या फाँटची गंमतच ती. आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं, वर मराठीचा मुखवटा. ज्याच्याकडे मुखवटा नाही त्याला नुसती खिचडी. युनिकोड हाताशी आलं तेव्हा कुठे माझं मराठी दुसऱ्याच्या संगणकावरही मराठी राहू लागलं.

मग ब्लॉगर. फुकट आणि सोपं. त्या काळात आम्हा शिक्षकांचे ब्लॉग पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले. माझ्याही ब्लॉगचं नाव 'ज्ञान' या शब्दाने सुरू होत होतं. तेव्हा बहुतेकांचं व्हायचं. वर सरकती पट्टी, 'आपले हार्दिक स्वागत आहे'. दोन बाजूंना लुकलुकणाऱ्या पणत्या. खाली किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा. शासन निर्णय, शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिका, थोर नेत्यांच्या जयंत्या, आमच्या सत्कारांचे फोटो. आणि २०१० नंतर आकारिक मूल्यमापन आल्यावर सगळ्यांत जास्त उघडलं जाणारं पान कुठलं? 'वर्णनात्मक नोंदी'. प्रगतिपत्रकात प्रत्येक मुलाबद्दल काहीतरी वेगळं लिहायचं असतं. ते वेगळं सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचलावं, अशी ती सोय. आकडा वाढत गेला, शिक्षण परिषदेत कौतुक झालं, केंद्रप्रमुखांनी टाळ्या वाजवायला लावल्या. ते हजारो पाहुणे म्हणजे माझ्यासारखेच परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारे शिक्षक होते, हे मला कळत होतं. आकडा तरी गोड वाटायचा.

आमच्या वाडीतले निम्मे बाप तेव्हाही आणि आताही नवी मुंबईत. तुर्भ्याच्या बाजारात गोणी उचलतात. १९६९चा माथाडी कायदा ज्यांच्या लढ्यामुळे झाला ते अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले; तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, इथला तरुण बाजाराच्या वाटेला लागलेला. पोरं आजीजवळ, बाप गणपतीला आणि शिमग्याला. अशाच एका गणपतीत तिसरीतल्या एका मुलीचा बाप शाळेत आला. कांदा-बटाटा मार्केटला होता. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही, दारातच उभा राहिला.

"बाई, तुमचं ते शाळेचं पान बघितलं मोबाइलवर. लई येळ लागला उघडायला."

मी नेटवर्कला दोष दिला.

"तुमचा सत्कार बघितला. चांगला हाय. पण आमची पोरगी काय शिकती ते कुठं दिसंना त्यात."

रागाने नाही, विचारायचं म्हणून विचारलं त्याने. मला काही उत्तर सुचलं नाही. चहा मागवला.

रात्री हिशोब केला. माझ्या कॅमेऱ्यातला एकेक फोटो तीन एमबीचा. त्याच्या टूजी फोनला सेकंदाला चाळीसेक किलोबिट मिळत असले तर एका फोटोला दहा मिनिटं. पहिल्या पानावर असे अकरा फोटो, वर पणत्या. भाजीपाल्याच्या गाड्या उतरायच्या आधी, गोणीला पाठ टेकून तो माणूस माझी शाल आणि नारळ डाउनलोड करत बसला होता.

ब्लॉग मी बंद केला नाही, पण पाडला. जुनं घर पाडतात तसा, आधी पत्रे. पट्टी गेली, पणत्या गेल्या, आकडा काढताना जरा हात अडखळला. एकच पान ठेवलं. त्यावर रोजचा एक फोटो, त्या दिवशीच्या फळ्याचा, बारीक करून ऐंशी केबीच्या आत बसवलेला. त्याखाली दोन ओळी, आज काय झालं. आणि त्याखाली चौकटीत उद्या. शाळेच्या पायरीवर रेंज यायची नाही. मारुतीच्या पारावर उभं राहिलं की यायची. म्हणून पाच वाजता शाळा सुटली की पारावर जायचं, कालचं काढायचं, आजचं टाकायचं.

हे कालचं काढणं सगळ्यांत अवघड गेलं. फळा पुसताना कधी जीव तुटला नाही, रोज शेकडो अक्षरं पुसतोच की आपण. वेबसाइटवर मात्र एकदा चढवलेलं उतरवायला हात धजत नाही. जागा फुकट असते ना. साठत जातं, माळ्यावर साठतं तसं, आणि मग आई-बापांना हवी असलेली एक ओळ त्या ढिगाखाली जाते. एका सहकाऱ्याच्या वर्गाच्या वेबसाइटवर मी ऐन दिवाळीत 'उद्या पालकसभा' वाचलं होतं. कुठली पालकसभा, कुठला उद्या, देव जाणे. त्या सूचनेवर तारीखच नव्हती.

एकदा दुसरीतला एक मुलगा माझ्या फोनकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही ल चुकवलाय." त्याचं बरोबर होतं. पुस्तकातला आमचा ल दोन पाकळ्यांचा. पानावर दिसत होता तो हिंदी वळणाचा, उजवीकडे दांडा असलेला. श सुद्धा तसाच परका. फळ्यावर मी महिनाभर गिरवून घ्यायचे एक आणि फोनवर दाखवायचे दुसरंच. मोठ्यांच्या डोळ्यांना हे खुपत नाही, पण अक्षर नव्याने हाताला लागत असलेल्या पोराला तो सरळ सरळ वेगळा प्राणी दिसतो. खूप खटपटीनंतर कळलं की चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, फक्त पान कुठल्या भाषेतलं आहे ते त्याला सांगावं लागतं. एचटीएमएलमध्ये अगदी वर, भाषेच्या जागी, एम आणि आर अशी दोन अक्षरं टाकली आणि फाँट बदलला, तर ल ला पाकळ्या फुटल्या. मी पारावर एकटीच हसले. पोराला दुसऱ्या दिवशी दाखवलं. तो म्हणाला, "आता बरोबर," आणि गेला खेळायला.

फोटोत सुरुवातीला मुलंही असायची. मग एका आईचा निरोप आला, बाई, माझ्या लेकीचा फोटो काढा तेवढा. सासरी वाद चालू होता, ती माहेरी आलेली, आणि लेक कुठल्या गावात शिकते हे तिला जगाला सांगायचं नव्हतं. मला हे कधी सुचलंच नव्हतं. शाळेच्या नावासह, गणवेशासह, मी विसेक पोरांचे चेहरे चव्हाट्यावर मांडून ठेवले होते. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळायची तर पालकांची संमती हवी, असं सांगणारा केंद्राचा कायदा २०२३मध्ये झाला. मला त्या आईने बरीच आधी शिकवलं. त्या रात्री चेहरे सगळे काढले. तेव्हापासून फक्त हात. खडू धरलेला हात, मणी मोजणारा हात, मातीत बी पुरणारा हात. खाली नाव नाही. तरी ज्याचं त्याला कळायचं. तुर्भ्याहून फोन यायचा, "बाई, आजचा हात आमच्या पोरीचा. काळा दोरा मीच बांधलाय."

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि बाप उलटे वाडीवर आले. वाटलं, आता आपल्या पानाचं खरं काम. पण एका घरात फोन एक, रिचार्ज संपलेला, आणि पारावर गर्दी करायची नाही. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवल्याचे फोटो पाहिले आणि मी खडू उचलला. ग्रामपंचायतीच्या भिंतीचा गिलावा गुळगुळीत होता; सरपंचांना विचारून तिथे दीड हात चौकट काळी रंगवून घेतली. पानावर जे टाकायचे तेच तिथे लिहायचे. शेरडं घेऊन जाणारी पोरं उभी राहून वाचायची. ते बघताना पोटात काहीतरी हललं, एवढंच सांगते.

मागच्या वर्षी ऑनलाइन बदलीत माझं नाव आलं. कार्यमुक्त व्हायच्या दिवशी नव्या बाईंना दप्तर दिलं: हजेरी, जनरल रजिस्टर, पोषण आहाराची वही, किल्ल्या. शेवटी एका कागदावर पानाचा पासवर्ड. त्या पंचविशीतल्या. म्हणाल्या, "मॅडम, आता सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवरच चालतं ना?" चालतं. तीही सूचना मग शुभ सकाळ आणि वाढदिवसाच्या केकांखाली जाते, हे मी बोलले नाही. म्हटलं, बघा तुम्हाला जमेल तसं.

नव्या गावात रेंज चांगली आहे. आठवडाभर मी पान उघडलं नाही. आठव्या दिवशी रात्री उघडलं. माझं काहीही नव्हतं त्यावर. शेवटचा फळा, निरोपाच्या दोन ओळी, सगळं पुसलेलं. फोटो एकच, पाऊणशे केबीचा असेल. डाव्या कोपऱ्यात तारीख, पट १७, हजर १४. अक्षर जरा डावीकडे कलणारं, पण टपोरं. खाली चौकटीत एक ओळ: उद्या प्रत्येकाने दहा चिंचोके आणावेत.