रेडा छान आलाय, पण पाटी कुठाय?

अहिल्यानगर,
रविवार, दुपार

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातून तू पाठवलेले फोटो मिळाले. तुझ्या आईने ते साऱ्या नातेवाइकांना पुढे ढकलल्यामुळे मला तीन-तीनदा मिळाले! चाकांवरचा तो काशाचा रेडा सुरेख आलाय. शिंगांचा बाक पूर्ण दिसतो, पाठीवर उजेड आहे आणि काचेत तुझा चेहरा नाही, म्हणजे फोन काचेला टेकवून काढला असणार. शाब्बास. फक्त पाटी कुठाय? तुझ्या मैत्रिणीने खाली विचारलंय, "हा कुठल्या देशातला गं?" तिला सांग, श्रीरामपूर तालुक्यातला. प्रवरेकाठच्या दायमाबादचा. तुझ्या आजोळापासून एसटीने जाता येईल इतका जवळचा.

1974 साली छबू लक्ष्मण भिल नावाचा माणूस तिथे झाडाचं मूळ खणत होता, तेव्हा कुदळीखाली हा खजिना निघाला. रेडा, हत्ती, गेंडा आणि बैलजोडीचा रथ, सगळे मिळून साठ किलोंच्या वर काशाचे. रथ जेमतेम 45 सेंटिमीटर लांबीचा, पण त्यात उभा राहून हाकणारा माणूस आहे आणि दांडीवर चक्क एक कुत्रा उभा आहे. घडवणाऱ्याने कुठेतरी बैलांबरोबर चाललेला कुत्रा पाहिला असेल आणि त्याला तो सोडवला नसेल, असं आपलं मला वाटतं.

या वस्तू नेमक्या कधीच्या, यावर विद्वानांचं भांडण झालंच. पुढे एस. ए. साळी यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं आणि पुष्कळ जण त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. धातूतलं आर्सेनिकचं प्रमाण बघून काहींनी मात्र शंका काढली. भांडणाचं मूळ एवढंच की त्या जमिनीतून निघाल्या तेव्हा बघायला पुरातत्त्वाचं कुणी नव्हतं. मातीच्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कसलं खापर होतं, याचा एक साधा काळा-पांढरा फोटो असता तरी कित्येक पानांचा वाद वाचला असता. यात त्या खणणाऱ्या माणसाचा काडीचाही दोष नाही. त्याच्यामुळे वस्तू निदान मिळाल्या.

म्हणून तुला सांगतो, वस्तूचा फोटो काढायच्या आधी तिच्या जागेचा काढत जा. संग्रहालयात जागा म्हणजे पाटी. ती आधी टिपायची, मग वस्तू, म्हणजे फोनमध्ये दोन्ही शेजारी राहतात. संग्रहालयातल्या रेड्याचं तसं तू नाही टिपलंस तरी बिघडत नाही म्हणा. त्याचे फोटो कॅटलॉगात आहेत, पुस्तकांत आहेत, त्याला पहारा आहे. ज्यांना पहारा नाही त्यांची मला काळजी वाटते.

आपल्या भागातल्या कुठल्याही जुन्या गावात शीर. वेशीजवळ, मारुतीच्या पाराला टेकून, कधी तर धुण्याचा दगड म्हणून एखादा वीरगळ सापडतोच. लोक त्याला शेंदूर फासून देव करतात किंवा त्यावर बसून तंबाखू मळतात. खालून वर वाचायचा असतो तो. तळाच्या चौकटीत वीर पडलेला, पुष्कळदा मागे गाई कोरलेल्या, म्हणजे गाई वळवून नेणाऱ्यांशी लढताना मेलेला. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. एका वेशीवरचा असा वीरगळ मला चांगला माहीत आहे. देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा कुणीतरी भक्तिभावाने त्याला चकचकीत ऑइलपेंट मारला. आता गाईंची शिंगं बोटाला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. गावात कुणाकडे जुना फोटो असेल म्हणून विचारलं. लग्नाचे होते, मिरवणुकीचे होते, ट्रॅक्टरच्या पूजेचे होते.

तुम्हा मुलांच्या हातात दिवसभर कॅमेरा असतो आणि तो रणगाडा संग्रहालयात रणगाड्यापुढे दोन बोटं दाखवण्यात खर्ची पडतो. (तेही काढा, माझी ना नाही.) पण बाजारला, लग्नाला, शेतावर जाताना वाटेत दगड दिसला तर दोन मिनिटं थांबावं. दुपारी बाराच्या उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं. सकाळी लवकर नाहीतर चार-साडेचारनंतर ऊन आडवं येतं, तेव्हा झिजलेल्या आकृतीसुद्धा उठून दिसतात. सावलीत असेल तर मैत्रिणीला दुसऱ्या फोनची बॅटरी बाजूने धरायला सांग. दगडावर खडू, पीठ, तेल काही चोळायचं नाही. फार जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलंस तर मूर्तीचं डोकं फुगतं, त्यापेक्षा मागे सरून थोडं झूम कर. एका फोटोत पट्टी नाहीतर आपली चप्पल शेजारी ठेव, म्हणजे आकार कळतो. ती देवाची मूर्ती असेल तर चप्पल अर्थातच नको. आणि गाभाऱ्यात गुरवाला विचारल्याशिवाय फोन वर करायचा नाही.

फुटलेला भाग टाळून देखणा तेवढाच टिपायचा मोह होतो, तो आवर. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाची आपल्या नगरच्या निजामशाहीतली सचित्र पोथी आहे, साधारण 1565 ची. हुसेन निजामशहाबरोबर त्याची बेगम खुंझा हुमायून हिचीही चित्रं तीत होती. नवरा गेल्यावर मुलाच्या नावाने तिने कारभार पाहिला, मग 1569 मध्ये त्याच मुलाने तिला कैद केलं आणि पोथीतल्या बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसली गेली. आज सिंहासनावर शहाशेजारी एक रंग फासलेली जागा उरली आहे. कुणी ती जागा कापून सुबक फोटो छापला तर नगरच्या इतिहासातलं अर्धं प्रकरणच गेलं.

एक गोष्ट बजावून ठेवतो. सुटी मूर्ती दिसली तर तिचं नेमकं ठिकाण सगळ्या जगाला सांगत बसू नकोस. मूर्तिचोरांचे फोन तुमच्यापेक्षा महाग असतात. गावाचं नाव, तारीख, कुठल्या बाजूला तोंड आहे, हे स्वतःजवळ लिहून ठेव आणि पुरातत्त्व खात्याला कळव.

दिवाळीत आलीस की आपण पेडगावला जाऊ. भीमेकाठच्या किल्ल्यातलं लक्ष्मीनारायणाचं यादवकालीन देऊळ तू पाहिलेलं नाहीस. हेन्री कझिन्स यांच्या दख्खनी मंदिरांवरच्या 1931 च्या ग्रंथात पेडगाव आहे, रतनवाडीही आहे. ग्रंथालयात मिळाला तर त्यातली पेडगावची पानं आधी बघून ये. बाहेरच्या भिंतीवरच्या एकेका मूर्तीपुढे उभं राहून तेव्हाचं काय उरलंय, काय गेलंय ते पडताळू. फोन पूर्ण भरून आण, आणि तुझ्या त्या मैत्रिणीलाही घेऊन ये.

तुझा,
मामा