कोरम पूर्ण आहे का?

आधीच माफी मागते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी घरी बोलायची आणि शाळेत एका तासापुरती लिहायची, एवढाच काय तो संबंध. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारून घ्याव्यात. बाकीच्या चुका माझ्या, आणि त्यातल्याच एका चुकीबद्दल हा लेख आहे.

टी.ई.च्या सुरुवातीला सेमिनारचा विषय द्यायचा होता. आमची ब्रांच ई अँड टी.सी. निम्म्या वर्गाने फाईव्ह-जी घेतलं, उरलेल्यांनी आय.ओ.टी. सर वैतागून म्हणाले, "कम्युनिकेशन म्हणजे फक्त मोबाईल का? जरा वेगळं काही शोधा!" मी शोधलं. बॅक्टेरिया एकमेकांशी कसे बोलतात आणि व्हायरस त्यात कशी लुडबूड करतात, हा माझा विषय ठरला. वर्ग हसला. सर मात्र खूश!

हो, बॅक्टेरिया बोलतात. तोंड नाही, कान नाहीत, अँटेना तर नाहीच. प्रत्येक पेशी एक छोटासा रेणू बाहेर सोडत राहते. पेशी एकटी असेल तर तो रेणू इकडे तिकडे विरून जातो. पेशी वाढल्या की रेणू साचतात. एक ठरावीक पातळी ओलांडली की सगळ्यांना कळतं, 'आता आपण पुरेशा आहोत.' मग जे काम एकटीने करून उपयोग नाही, ते सगळ्या मिळून सुरू करतात. समुद्रातले काही बॅक्टेरिया अशी गर्दी झाल्यावरच प्रकाश देतात, हे १९७० साली मांडलं गेलं. १९९४ मध्ये या प्रकाराला 'कोरम सेन्सिंग' हे नाव मिळालं.

'कोरम' या शब्दासाठी मी डिक्शनरी उघडली, तर माझी रूम पार्टनर हसायला लागली. ती धडगावकडची. "अगं, एवढी इंग्लिश मिडीयमची तू! आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनाही माहितीये. ग्रामसभेला पुरेशी माणसं आली नाहीत की म्हणतात, कोरम नाही, सभा तहकूब." झालं, सेमिनारची पहिली स्लाईड तिथेच तयार झाली.

आता व्हायरसकडे येते. बॅक्टेरियाला लागणाऱ्या व्हायरसना बॅक्टेरियोफेज म्हणतात. 'बॅक्टेरिया खाणारा' अशा अर्थाचं हे नाव फेलिक्स डी'हेरेल यांनी १९१७ मध्ये दिलं. खरं तर फेज काही खात नाही. तो पेशीत शिरतो. पुढे काही फेजना दोन रस्ते असतात. एक तर आत गुपचूप पडून राहायचं, नाहीतर स्वतःच्या भरपूर प्रती काढून पेशी फोडून बाहेर पडायचं. कुठला रस्ता केव्हा घ्यायचा, हे त्याला कसं कळतं?

२०१८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जस्टिन सिल्पी आणि बॉनी बॅसलर यांनी याचं एक भन्नाट उत्तर दिलं. व्हीपी८८२ नावाच्या एका फेजकडे कॉलऱ्याच्या बॅक्टेरियाकडे असतो तसाच 'रिसीव्हर' आहे! बॅक्टेरियांचा आपापसातला संदेश तो चोरून ऐकतो. गर्दी कमी असेल तर हा गप्प. गर्दी झाल्याचं ऐकू आलं की पेशी फोडतो, कारण आता शेजारी पुढची घरं तयार असतात.

दुसरा फेज त्याहून बेरकी. तो सुडोमोनास एरुजिनोसा या बॅक्टेरियाला लागतो. हे बॅक्टेरिया कोरम झाला की व्हायरसविरुद्धचा बचावही वाढवतात, हे २०१७ मध्ये दिसलं होतं. २०२१ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी दाखवलं, की हा फेज आत शिरल्यावर एक्यूएस-१ नावाचं इवलंसं प्रोटीन बनवतो. ते पेशीच्या 'लासआर' या रिसीव्हरला जाऊन चिकटतं. बाहेरून संदेश येतच असतात, पण रिसीव्हर बंद! पेशीला वाटत राहतं, आपण एकटेच आहोत.

हे सगळं मी जुलैमध्ये पाठ करत होते. आणि त्याच आठवड्यात आपल्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये काय चाललं होतं, ते आता लिहिते.

मी मेस कमिटीत होते. सोमवारी एक मुलगी दारात येऊन हळूच म्हणाली, "काल रात्रीपासून पोट बिघडलंय गं." मी म्हटलं, बाहेर वडापाव खाल्ला असशील. मंगळवारी दोघी आल्या, मग आणखी काही. चार दिवसांत अकरा जणी येऊन गेल्या. प्रत्येक जण वेगवेगळी, प्रत्येक जण कुजबुजत. ग्रुपवर वाढदिवसाचे केक येतात, नोट्सचे फोटो येतात, पण 'मला जुलाब होतायत' असं कोण लिहिणार? प्रत्येकीला वाटत होतं, आपलंच काहीतरी बिनसलंय. अकरा हा आकडा पूर्ण हॉस्टेलमध्ये फक्त एकाच व्यक्तीकडे होता. माझ्याकडे.

आणि मी काय केलं? पहिल्याच दिवशी मी ऑफिसमध्ये विचारलं होतं. उत्तर मिळालं, "टाकी गेल्याच आठवड्यात धुतली आहे, उगाच इश्यू करू नका." ते एक वाक्य मला जाऊन चिकटलं. नंतर येणाऱ्या प्रत्येकीला मी तेच सांगत राहिले, "टाकी धुतली आहे गं, मेसचं तेल बाधलं असेल." खोटं बोलायचं नव्हतं मला. सेमिनार चार दिवसांवर आला होता आणि ते वाक्य सोयीचं होतं, इतकंच.

गुरुवारी रात्री माझी रूम पार्टनर बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. दोन दिवस तिला त्रास होत होता. शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मला तिने सांगितलंच नव्हतं! का, तर "तू सगळ्यांना तेलच बाधलं म्हणत होतीस ना." तिला सलाईन लावावं लागलं. तिचे वडील पावसात चांदसैली घाट उतरून सकाळी पोचले, पायात चिखलाने भरलेल्या चपला. मला म्हणाले, "पोरी, तू जवळ होतीस म्हणून बरं." मी वर बघू शकले नाही.

तिने मात्र शुद्धीवर आल्यावर पहिलं काम काय केलं असेल? सलाईन लावलेल्या हाताने मला खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाली, "आपल्या मजल्यावर सांग, ते पाणी पिऊ नका." मी परत आले आणि एकेक दार वाजवलं. अकरा जणी आहेत, हे पहिल्यांदा मोठ्याने बोलले. पंधरा मिनिटांत अकराच्या एकोणीस झाल्या! सगळ्या मिळून ऑफिसमध्ये गेलो. दुपारी टाकी उघडली. झाकण सरकलेलं, आत गाळ. धुतली असेलही, पण झाकण कोणी बघितलं नव्हतं.

सेमिनार सोमवारी झाला. शेवटच्या स्लाईडवर २०१९ मधला एक प्रयोग होता. फेजची लागण झालेल्या त्याच सुडोमोनासच्या पेशींनी एक संदेश सोडला आणि निरोगी पेशींचा पसरत येणारा थवा त्यांना टाळून वळला. हे सांगताना माझा आवाज अडकला. सरांना वाटलं, मी पाठांतर विसरले. पाणी दिलं त्यांनी. (उकळलेलं!)

पेशींना मन नसतं, चूक-बरोबर नसतं, हे मला कळतं. फेजही काही दुष्ट नाही. पण मी पेशी नाही ना. माझा रिसीव्हर कशाने बंद पडला, ते मला सांगता येतं, म्हणून सांगितलं.

आता कूलरजवळ दोऱ्याला एक वही टांगली आहे. पोट बिघडलं तर तारखेपुढे फक्त एक रेघ मारायची. नाव नको, लाज नको. एका आठवड्यात पाच रेघा झाल्या की टाकी उघडून बघायचीच, यावर रेक्टर मॅडमची सही आहे. आमच्या ब्रांचच्या भाषेत, थ्रेशोल्ड डिटेक्टर. खर्च रुपये वीस. मुलांच्या हॉस्टेलनेही लावायला हरकत नाही!

परवा वही बघितली. या आठवड्यात दोन रेघा आहेत. त्यातली एक माझी.

— तृतीय वर्ष, ई अँड टी.सी.
मुलींचे वसतिगृह