गाडी गेली, मांडव उभा!

सहा मिलिमीटर! जाडी एवढीच. कापडाच्या कडेत शिवून टाकलेली प्लास्टिकची एक गोल दोरी, आणि तिच्या भरवशावर चार माणसांना उभं राहून वावरता येईल अशी खोलीच्या खोली गाडीच्या कुशीला धरून राहते. वारा खाते, पाऊस झेलते आणि नको म्हटलं की दोन झटक्यांत सुटते. मला याचा पत्ताच नव्हता हो! आता कळलंय तर ज्याला त्याला सांगत सुटले आहे. ऑफिसात सांगून झालं, पुण्याच्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर दाखवून झालं (ती म्हणाली, "बरं"), आता तुमची पाळी.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. यंदा हौसेनं जुनी मोटरहोम घेतली, फियाट ड्युकाटोच्या मालवाहू व्हॅनमध्ये घर बसवलेली. आत ओटा आहे, फ्रीज आहे, झोपायची सोय आहे. फक्त दोन माणसांना एकमेकांना ओलांडून जाता येत नाही. त्यात सासूबाई सांगलीहून उन्हाळ्यासाठी आलेल्या. इथला उन्हाळा म्हणजे सकाळी ऊन, दुपारी भुरभुर, संध्याकाळी पुन्हा ऊन, आणि मधल्या भुरभुरीत सगळ्यांनी पाय पोटाशी घेऊन गाडीत बसायचं. म्हणून ऑनिंग घेतलं, म्हणजे गाडीला जोडायचा तंबू. सासूबाईंनी ते पाहताक्षणी त्याचा 'मांडव' केला आणि आमच्या घरात आता तोच शब्द चालतो. आमचा मांडव गाडीला कायमचा ठोकलेला नाही. तो वेगळा, स्वतंत्र उभा राहणारा आहे. त्याच्या बांबूंच्या जागी हवेच्या नळ्या असतात, पंपानं त्या फुगवायच्या. गाडीकडच्या बाजूला कापडाचा एक बोगदा असतो आणि तो गाडीच्या दाराभोवती येऊन बसतो.

तर प्रश्न असा, की हा बोगदा गाडीला धरतो कसा? आणि इथूनच माझं वेड सुरू झालं.

गाडीच्या बाजूला, छताच्या जरा खाली, अल्युमिनियमची एक पट्टी असते. तिच्यात लांबच लांब खाच. खाचेचं पोट रुंद, तोंड अरुंद. त्या पट्टीला इथे रूळ म्हणतात, आणि कापडाच्या कडेतल्या दोरीला केडर. रुळाच्या एका टोकानं केडर आत घालायची आणि ओढत दुसऱ्या टोकाला न्यायची, परकरात नाडी ओवतात तशी. गोल दोरी पोटातून सरकत जाते, पण अरुंद तोंडातून समोरच्या बाजूला निसटू शकत नाही. संपलं! ना खिळा, ना हूक, ना गाठ. शिवाय भार एका जागी येत नाही, तीन मीटरच्या पूर्ण लांबीवर वाटला जातो, म्हणून कापड कुठेच फाटत नाही. ज्या कुणाला हे पहिल्यांदा सुचलं असेल त्याचे पाय धरावेत.

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. मांडवाची केडर सरळ गाडीच्या रुळात ओवली तर गाडी हलवायची कशी? दूध आणायला जायचं, किल्ला बघायला जायचं, दर वेळी मांडव पाडायचा? म्हणून मधे दोन तुकडे येतात. पहिला म्हणजे हाताच्या रुंदीची कापडी पट्टी, दोन्ही कडांना केडर असलेली. तिची एक कड गाडीच्या रुळात जाते, दुसरी खाली लोंबते. दुसरा तुकडा प्लास्टिकचा, लांब, आणि त्याचा छेद बघाल तर इंग्रजी 8 चा आकार: दोन खाचा पाठीला पाठ लावून. वरच्या खाचेत लोंबणारी कड, खालच्या खाचेत मांडवाची कड. हा आठ सहसा मीटर-मीटरच्या तुकड्यांत येतो, म्हणजे एकट्या माणसालाही सरकवता येतो. गाडी न्यायची झाली की आठाचे तुकडे एकामागून एक बाजूला ओढून काढा. गाडी मोकळी, मांडव मोकळा!

आम्ही हे पहिल्यांदा केलं ते सेंट डेव्हिड्सजवळच्या कॅम्पसाइटवर. वेल्सचं पश्चिमेकडचं टोक, लोकसंख्येनं ब्रिटनमधली सगळ्यांत छोटी 'सिटी', आणि समुद्रावरून येणाऱ्या नैऋत्येच्या वाऱ्याला अडवायला मधे काही म्हणजे काही नाही. नवऱ्यानं आठ ओढून काढले, गाडी सुरू केली आणि निघाला. सासूबाई मांडवात खुर्चीवर शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. "अगं, गाडी गेली की! आन् घर हितंच?" मी म्हटलं, "आई, घर हितंच." त्यांनी मागच्या उघड्या बोगद्यातून हिरव्या डोंगराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग रोजच जाऊ दे त्याला."

परत आल्यावर गाडी नेमकी त्याच जागी लावावी लागते. हातभर इकडेतिकडे झाली की बोगदा पोचत नाही, नाहीतर सुरकुततो. त्यावर उपाय किती सोपा आहे बघा: निघण्याआधी दोन चाकांपाशी जमिनीत एकेक रंगीत खुंटी मारून ठेवायची. परतताना चाक खुंटीला आलं की थांबायचं. नवरा याला 'रनवे' म्हणतो. मी हात हलवून गाडी मागे घ्यायला लावते आणि आजूबाजूचे लोक चहाचे कप घेऊन बघत उभे असतात, तो वेगळाच सोहळा.

आता वाऱ्याबद्दल. हे सांगायला मी इतकी उतावीळ झाले आहे की वरचं सगळं भराभर उरकलं!

मला वाटायचं, वारा मांडवाला ढकलतो. ढकलतोच, पण त्याहून वाईट म्हणजे तो गाडीच्या खालून शिरतो. गाडीच्या पोटाखाली मोकळी जागा असते, वारा तिथून येतो, मांडवात भरतो आणि छताला आतून वर उचलतो. वरचा रूळ कितीही मजबूत असला तरी खालून उचलणाऱ्या वाऱ्यापुढे तो एकटा काय करणार? शेजारच्या जागेवर एक वयस्क वेल्श गृहस्थ होते, कित्येक वर्षं कॅम्पिंग करणारे. त्यांनी आमचं काम पाहिलं आणि एकच विचारलं, "तुमचा झालर-पडदा कुठे आहे?" दाराखाली, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत लावायचा हा बुटका पडदा आमच्या पिशवीत घडी करून पडला होता. तो लावला आणि आतली फडफड एकदम बंद! दिवा घालवावा तशी बंद!

मग त्यांनी ताणदोरांचा वर्गच घेतला. खुंटी सरळ उभी ठोकायची नाही, तर डोकं मांडवापासून लांब झुकलेलं, साधारण 45 अंशांत. म्हणजे दोर तिला वर उपटत नाही, मातीच्या पोटावर ओढतो. दोर कुठल्याही दिशेला न्यायचा नाही, कापडाच्या शिवणीच्या रेषेतच पुढे न्यायचा, कारण शिवणच ताण सोसते. कोपऱ्यावर दोन दोर असतील तर ते एकमेकांना छेदून बांधायचे. खडी घातलेल्या जागेवर साध्या तारेच्या खुंट्या वाकतात. तिथे जाड, टोकदार पोलादी मेखा आणि हातोडा लागतो. आणि वादळपट्टा! रुंद नायलॉनचा पट्टा, छतावरून आडवा टाकून दोन्ही बाजूंना जमिनीत बांधायचा आणि मधे एक स्प्रिंग, जी झटके गिळते. ती स्प्रिंग ताणली-सैल झालेली बघत मी कितीतरी वेळ बसले होते, हे मोकळेपणानं सांगते.

वाऱ्याचा हिशेब ऐकून तर माझी झोप उडाली. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 40 किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलो इतका जोर लावतो. तीन मीटर लांब आणि दोन मीटर उंच भिंत म्हणजे सहा चौरस मीटर, म्हणजे 45 किलो, म्हणजे आमच्या सासूबाई भिंतीला टेकून उभ्या आहेत असं समजा. (त्यांना हे सांगितलेलं नाही.) आणि वारा दुप्पट झाला, ताशी 80, की जोर दुप्पट नाही, चौपट! 180 किलो. तेव्हा वेल्श आजोबांचा नियम असा की मोठ्या वाऱ्याचा इशारा आला की शूरपणा करायचा नाही, मांडव उतरवून गाडीत झोपायचं. दोन गाड्यांमधे सहा मीटर अंतर ठेवायचा इथल्या साइट्सचा दंडकही मला आता पटतो. तो मुख्यतः आगीसाठी आहे, पण ताणदोरांना जागा लागते हेही खरं. आगीवरून आठवलं: पावसात सासूबाईंना मांडवात कणसं भाजायची होती. नाही म्हणजे नाही. निखारे विझत आलेले असले तरी आत आणायचे नाहीत, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि वासही येत नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट, जी मला सर्वांत आवडली: बोगदा कडक ताणायचा नाही. आपण गाडीत पाय ठेवला की गाडी स्प्रिंगवर दबते, उतरलो की वर येते. मांडव मात्र जमिनीला खिळलेला. एक हलतं, एक हलत नाही, आणि मधल्या कापडानं दोघांचं सांभाळायचं. म्हणून मांडवाच्या खुंट्या घट्ट आणि बोगदा थोडा सैल. पण इतकाही सैल नको की पावसाचं पाणी खोलगट भागात साचेल. तो मधला बिंदू हाताला कळतो, आणि कळला की काय समाधान वाटतं!

रूळ नसलेल्या गाड्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. (विचारा ना!) छतावरून लांब पट्टे टाकून पलीकडच्या बाजूला जमिनीत बांधता येतात, स्वस्त, साधं, फक्त पट्टे गाडीच्या रंगावर घासू नयेत म्हणून खाली मऊ कापड. चुंबकाच्या पट्ट्याही मिळतात. लोखंडी पत्र्याच्या व्हॅनला त्या चिकटतात, पण पुष्कळ मोठ्या मोटरहोमच्या भिंती अल्युमिनियमच्या नाहीतर फायबरग्लासच्या असतात, तिथे चुंबक सरळ खाली पडतं.

नवऱ्याच्या डोक्यात मात्र तिसरंच आहे. त्याला हँडलनं बाहेर काढायचं, पेटीत गुंडाळलेलं ऑनिंग हवंय. फियामा कंपनीचं की थुले कंपनीचं, यावर त्याची रोज रात्री मोबाइलवर तपश्चर्या चालते. तीन मीटरची पेटी 20 किलोच्या आसपास भरते आणि कापड बाहेर आलं की तिची ओढ कित्येक पट वाढते. मोठ्या मोटरहोमच्या भिंती सँडविचच्या असतात, बाहेर पातळ पत्रा, मधे फोम, आत प्लायवूड. फोममध्ये स्क्रू धरतच नाही; बोल्ट आरपार नेऊन आतून धातूची पट्टी द्यावी लागते, आणि प्रत्येक भोक सिकाफ्लेक्ससारख्या पॉलियुरेथेनच्या चिकट लुकणानं बंद करावं लागतं. सिलिकॉन अजिबात नाही. ते नीट धरत नाही आणि त्यावर पुन्हा दुसरं काही चिकटत नाही. एक भोक गळलं की भिंत आतून कुजते आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. सुदैवानं आमच्या ड्युकाटोच्या छतावर कारखान्यातूनच बोल्टच्या जागा आलेल्या आहेत आणि त्यांना बसणारे ब्रॅकेट मिळतात, भिंतीला भोक पाडायची गरजच नाही.

मी अट घातली आहे: पेटी घे, पण तिच्यातल्या खाचेचं माप आधी सांग. काहींची 6 मिलिमीटरची असते, काहींची 4 ची, आणि चार मिलिमीटरच्या खाचेत आमची सहाची केडर जन्मात जाणार नाही. तेवढ्यासाठी एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला सहा अशी पट्टीसुद्धा मिळते! रविवारी लेस्टरची मैत्रीण तिची नवी व्हॅन दाखवायला बोलावतेय. मी पर्समध्ये केडरचे दोन्ही जाडीचे तुकडे टाकून ठेवले आहेत. तिनं चहा विचारायच्या आत मी तिच्या छताखाली हात घालून बसलेली असणार.