घड्याळाचा काटा कुणाच्या हाती?

आमची पुतणी लंडनच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. उन्हाळ्यात तिचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच तास. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या आजींना याचे मोठे नवल वाटते. "सूर्य तोच, मग वेळ कशी बदलते गं?" असे त्या दरवर्षी विचारतात.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिची रात्रपाळी होती. त्या पहाटे दोन वाजले आणि घड्याळ एक तास मागे गेले. पुन्हा एक वाजला! तेवढा तास तिने रोग्यांच्या उशाशी जास्त काढला. "काकू, या तासाचे पैसे मिळतील की नाही, ते ज्याच्या त्याच्या करारावर असतं," ती म्हणाली. मार्चमध्ये उलट होते. रात्रपाळी एका तासाने आखडते. तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती गोळा करू लागलो.

ही कल्पना मांडणाऱ्यांपैकी पहिला माणूस नोकरदार होता. न्यूझीलंडचा जॉर्ज हडसन पोस्टात काम करी आणि फावल्या वेळात किडे गोळा करी. कामावरून सुटल्यावर उजेड हवा, म्हणून त्याने 1895 मध्ये उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे करण्याची सूचना केली. पुढे 1907 मध्ये इंग्लंडमधील विल्यम विलेट या घरे बांधणाऱ्या कंत्राटदाराने पुस्तिका काढली. लोक झोपलेले असताना सकाळचा उजेड वाया जातो, ही त्याची तक्रार. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे काटा पुढे सारावा, असे त्याचे म्हणणे होते. पार्लमेंटने ते मानले नाही. 1915 मध्ये विलेट वारला.

जे शहाणपणाने झाले नाही ते युद्धाने केले. कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने 30 एप्रिल 1916 रोजी घड्याळे पुढे केली. तीन आठवड्यांनी, 21 मे रोजी, ब्रिटनने तेच केले. अमेरिकेत हा कायदा 1918 मध्ये आला. शेतकऱ्यांनी तेथे कडाडून विरोध केला. गाय घड्याळ पाहून दूध देत नाही आणि गवतावरचे दव सूर्य वर आल्याशिवाय वाळत नाही! 1919 मध्ये तो कायदा रद्द झाला. पुढे तो परत आला, तरी ॲरिझोना राज्यात आजही बहुतेक ठिकाणी घड्याळ बदलत नाही. त्याच राज्यातील नवाहो लोकांच्या प्रदेशात मात्र बदलते.

आपल्याकडेही हे घडले आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945 या काळात, भारताची घड्याळे एक तास पुढे होती. एरवी आपल्याला याची गरज नाही. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरमध्ये आठ तासांहूनही लहान असतो. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, तर सर्वांत लहान अकरा तासांचा. वाचवायला जादा उजेड आहेच कुठे?

पण काट्याचा प्रश्न उजेडापुरता नसतो, हे मुंबईच्या गिरणी कामगारांनी फार पूर्वी ओळखले होते. 1906 मध्ये सरकारने देशभर एकच प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा 39 मिनिटे पुढे होती. म्हणजे भोंगा तेवढा आधी वाजणार आणि कामगाराने तेवढे आधी अंथरूण सोडायचे. जानेवारीतच जेकब ससून गिरणीतले हजारो कामगार काम टाकून बाहेर पडले. शहरातही असंतोष वाढला. महापालिकेने जुनी मुंबई वेळच ठेवली आणि पुढे कित्येक दशके मुंबईत दोन वेळा नांदल्या.

त्या कामगारांपैकी बहुतेकांच्या घरी घड्याळ नसेल. तरीही आपल्या झोपेतली 39 मिनिटे कोण घेतो आहे, हे त्यांना नेमके कळले. म्हणून आम्हाला वाटते, काटा पुढे सरकला की मागे, हे पाहून थांबू नये. तो सरकवताना राबणाऱ्याला कुणी विचारले का आणि वाढलेला तास हजेरीपटावर कुणाच्या नावे लागला, हेही विचारावे.