लेह राहिले, पन्हाळेकाजी पाहिले

आमच्या वाडीतील तरुण मंडळींना लेह-लडाखला जायचे होते. उंच डोंगर, त्यांच्या कड्यावर बसलेले बौद्ध मठ, लाल वस्त्रांतील लामा, हे सारे त्यांनी मोबाईलवर पाहिले होते. वर्षावासात विहारातील ग्रंथवाचन संपले की चहा घेता घेता रोज तोच विषय निघे. अखेर कोणी तरी एका प्रवासी कंपनीचे पत्रक आणले. आमचा पेशा कारकुनाचा, शिक्षण बी.कॉम., त्यामुळे असली पत्रके वाचायचे काम आपोआप आमच्याकडे येते. आकडेमोड केली. माणशी खर्च आमच्यातील गवंडीकाम करणाऱ्या भावाच्या तीन महिन्यांच्या कमाईएवढा निघाला. त्यात लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचावर, तिथली हवा विरळ. सत्तरी ओलांडलेल्या आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या काकीला डॉक्टरांनी सरळ नाही म्हणून सांगितले. यादीत सर्वांत आधी नाव दिले होते ते काकीनेच.

ती म्हणाली, "मंग माझ्यापुरता जवलचा मठ सांगा."

आम्हांला शरम वाटली ती या प्रश्नाची. जवळचा मठ आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात होता आणि जमलेल्या माणसांपैकी तो पाहिलेले फक्त दोघे होते. मुंबईच्या चाळीतून येणारी आमची माणसे गणपतीत, शिमग्यात त्याच महामार्गाने जातात-येतात. खेडच्या नाक्यावर वडापाव खातात आणि पुढे निघतात.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला आणि पुढच्याच शनिवारी एस.टी.ची बस प्रासंगिक करारावर घेऊन आम्ही एकेचाळीस जण पहाटे निघालो. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि मुलांसाठी चुरमुरे. विहाराच्या दारात त्रिसरण-पंचशील झाले. खेडला आमचे मार्गदर्शक गुरुजी गाडीत चढले. ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, अंगात सफेद सदरा, हातात छत्री. वाकवलीपासून पुढचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी आणि मधून मधून भाताची कापणी चाललेली. उतार संपता संपता गाडी थांबली, आणि खाली कोटजाई नदीचा आवाज ऐकू आला.

पन्हाळेकाजीला एकूण २९ लेणी आहेत. पुष्कळशी नदीच्या काठाला ओळीने कोरलेली, एक थोडी लांब. लेणी म्हटली की आपण डोंगराच्या माथ्याकडे पाहतो. इथे उलट, खोऱ्याच्या तळाशी उतरायचे. चारी बाजूंनी डोंगर, मधे पाणी आणि पाण्याशेजारी भिक्खूंची वस्ती. फार काळ ही लेणी अभ्यासकांच्या नजरेआडच होती. इथे ११३९ सालचा शिलाहारांचा ताम्रपट सापडला, त्यात या जागेचे जुने नाव प्रणालक असे आले आहे. पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी लेण्यांचा सविस्तर अभ्यास केला आणि त्यांचा ग्रंथ खात्याने १९८६ मध्ये छापला. गुरुजींनी ही माहिती वहीत उतरवून आणली होती, आणि ते ती शाळेत हजेरी घ्यावी तशी वाचत होते.

सुरुवातीच्या लेण्यांना काही सजावट नाही. साध्या खोल्या, स्तूप. ही इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराची. काकीने आणलेली झेंडूची फुले स्तूपाजवळ ठेवली आणि आम्ही सर्वांनी बुद्धवंदना म्हटली. कातळाच्या पोटात एकेचाळीस गळ्यांचा आवाज घुमला तेव्हा लहान मुलेसुद्धा गप्प उभी राहिली.

पुढे मात्र सारे बदलते. एका लेण्यात उग्र रूपाची मूर्ती आहे, उजव्या हातात तलवार, डाव्या हातात पाश. तिचे नाव महाचंडरोषण, दुसरे नाव अचल. आणखी पुढे शिवलिंग, गणपती, छतावर राम-कृष्णांच्या कथा, आणि शेवटी नाथपंथी सिद्धांच्या ओळी. काकी तलवारीच्या मूर्तीपुढे थबकली.

"बाला, ह्यो कोन? आपला की त्यांचा?"

कोणालाच चटकन उत्तर देता आले नाही. वायरमनचे काम करणारा आमचा एक कार्यकर्ता तावातावाने म्हणाला, "तलवार घेतलेला आपला कसा असेल? बाबासाहेबांनी १९५६ साली बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या कशासाठी?" त्यावर त्याचाच मित्र म्हणाला, "मग लडाखला जाऊन काय बघणार होतास? तिथल्या मठांच्या भिंतींवरही असेच डोळे वटारलेले आहेत." मंडळी हसली, पण प्रश्न तसाच राहिला.

गुरुजींनी छत्री टेकली आणि सांगितले ते असे. ही मूर्ती बौद्धांनीच कोरली, पण पहिल्या बौद्धांनी नाही; मधे सातेकशे वर्षे गेली. दहाव्या-अकराव्या शतकात येथे वज्रयान पंथ होता. याच काळात, ९९६ साली, हिमाचलातील स्पितीच्या खोऱ्यात ताबो मठ उभा राहिला. ओरिसात आपल्याच गावाच्या नावाची रत्नगिरी आहे, तेथील महाविहारही वज्रयानाचे मोठे केंद्र होते. तिबेटात हा अचल गेला, जपानात तो फुदो या नावाने आजही पुजला जातो. हिमालयात तो मठांत राहिला. आपल्याकडे मठच राहिले नाहीत, मागून आलेल्यांनी त्याच कातळात आपले देव कोरले.

म्हणजे आमच्या पोरांना जे पाहायला लडाखला जायचे होते, त्याचा एक धागा कोटजाईच्या काठीच होता. तो पाहून सर्वांना आनंद झाला असे म्हणणे खोटे ठरेल. आम्हां स्वतःलाही त्या मूर्तीपुढे हात जोडावेसे वाटले नाहीत. पण कचेरीतील जुन्या दप्तरात न पटणारी नोंद सापडली तर आम्ही पान फाडत नाही. कोणत्या सालची, कोणाच्या हातची, एवढे पाहतो. मूर्तीबद्दलही तसेच वागावे असे आमचे मत झाले. नाही तर उद्या कोणी तरी ती दुसऱ्याच नावाने शेंदूर फासून बसवील. या महाराष्ट्रात लेणे दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत कोरले असे सांगणारा माणूस भेटतोच. त्या दिवशी चहाच्या टपरीवर भेटलाही. काकीने हात जोडले नाहीत. उंबऱ्यावरचा पालापाचोळा तेवढा पदराने झाडला.

दुपारी वणंदला, रमाईच्या माहेरी गेलो. बायकांनी तिथून पाय काढायला तासभर लावला, आणि कोणी घाई केली नाही. रात्री चिपळूणला मुक्काम.

रविवारी कुंभार्ली घाट चढलो. पोफळी मागे पडली, गाडी वळणावळणाने वर जाऊ लागली तशी दोन पोरे ओकली; लिंबाच्या फोडी कामी आल्या. माथ्यावर गाडी थांबवून सर्वांना खालचे खोरे दाखवले. माथ्यापलीकडे कोयना. तिचे पाणी खरे तर कराडला कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्रात जायचे. त्यातले बरेचसे डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीला उतरते, वीज करते आणि आमच्या वाशिष्ठीला मिळते. आमच्या वायरमनला हे ठाऊक होते, आणि बाकीच्यांना सांगताना त्याचा कालचा राग पार निघून गेला.

जुन्या काळी माणसे आणि माल अशाच घाटवाटांनी बंदराकडे उतरत. कराडचे जुने नाव करहाकट. तेथील महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने खाली कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यातील कुडे येथे लेणे दान दिले, तसा शिलालेख आहे. तिथेच एका माळ्याचेही दान कोरलेले आहे. राजेरजवाड्यांनीच लेणी खोदली असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. लोखंड विकणारा, फुले विकणारा. आमच्या गाडीत बसलेल्या माणसांपेक्षा फार वेगळे नव्हते ते.

कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाच्या वर बौद्ध लेणी आहेत. आम्ही जखिणवाडीच्या बाजूने चढलो. ऊन चढले होते. काकीला दोघी लेकीसुनांनी हात धरून, दर वीस पायऱ्यांवर बसवत वर आणले. नको म्हणून किती सांगितले! तिचे एकच उत्तर, "लडाख नाय दिला, ह्यो तरी द्या."

इथे तलवार नाही, मूर्तींची गर्दी नाही. एके ठिकाणी खांबावर धम्मचक्र आणि सिंह, बाकी ओळीने खोल्या. प्रत्येकीत कातळात कोरलेला निजायचा ओटा. पोरे एका खोलीतून दुसरीत धावत होती. काकी एका खोलीत शिरली ती बराच वेळ बाहेर येईना, म्हणून आम्ही डोकावलो. ती त्या ओट्यावर उशाला हात घेऊन आडवी झाली होती.

"गार हाय," ती म्हणाली. "कोन भिक्खू निजला असंल हितं? पाय दुखत असतील त्येचं."

खालून ड्रायव्हरने हॉर्न दिला. घाट उजेडी उतरायचा होता. आम्ही त्याला हात करून पाच मिनिटे मागितली आणि खोलीच्या दाराशी बसून राहिलो.