आतले दरवाजे निवडताना



नव्या घराची गोष्ट निघाली की आपली माणसं आधी विचारतात, सलोन केवढा, मिर्पेसेत आहे का, लिफ्ट किती. आतल्या दरवाजांचं कोणी विचारत नाही. पण दिवसातून चाळीस वेळा आपण त्यांतूनच जातो, आणि रात्री अर्धवट झोपेत, हात भिंतीला लावत जातो तेही त्यांतूनच. म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहिते. म्हाताऱ्यांनी वाचावं, आणि नातवंडांनी त्यांना वाचून दाखवावं.

आम्ही लोदला जुन्या शिकूनात पन्नासएक वर्षं राहिलो. आता तिथे पिनुय-बिनुय ठरलंय. मुलांनो, पिनुय म्हंजे रिकामं करणं आणि बिनुय म्हंजे बांधणं. जुनी इमारत पाडतात, त्या जागी उंच इमारत उभी करतात, आपल्याला नवं घर देतात आणि वरची जास्तीची घरं विकून कबलान आपला खर्च काढतो. कराराबरोबर एक जाड कागदांचा गठ्ठा मिळतो, त्याला मिफ्रात म्हणतात. टाइल्स कोणत्या, नळ कोणते, दरवाजे कोणते, सगळं त्यात लिहिलेलं असतं. १९७३ च्या घरविक्रीच्या कायद्यापासून ह्या देशात मिफ्रात जोडावाच लागतो. आमच्या मिफ्रातात आतल्या दरवाजांना अडीच ओळी होत्या. त्या अडीच ओळींवर आमच्या घरात महिनाभर वाद चालला!

खरं सांगायचं तर मला आतल्या दरवाजाचं अप्रूप. मुंबईला इस्राएल मोहल्ल्याजवळ आमची चाळीतली एकच खोली. बाहेरचा दरवाजा एक, तो दिवसभर उघडा. आत पडदा. बाबा कामावरून आले की पडद्यापलीकडे कपडे बदलायचे आणि आम्ही भावंडं भिंतीकडे तोंड करून बसायचो. कोकणात आजीच्या घरी सागाचं जाड दार होतं, त्याला आतून लाकडी आडणा, खाली उंच उंबरठा. पण तेही बाहेरचंच. माजघराला नुसती चौकट होती, पल्ला नव्हता. १९६९ मध्ये इथे आलो तेव्हा दोन खोल्यांना दोन दरवाजे बघून आई हसली होती. म्हणाली, “एवढी दारं कोणासाठी लावायची गं?”

आपल्या लोकांना दाराचं महत्त्व मात्र फार. मुंबईच्या १७९६ च्या जुन्या मशिदीचं नाव शाआर हारहामीम, म्हणजे दयेचं दार. ठाण्याची १८७९ ची मशीद शाआर हाशामायिम, म्हणजे स्वर्गाचं दार. आणि कोकणात आपले पूर्वज किप्पूरला दारफळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवायचा नाही. मुलांनो, हे शाळेत शिकवत नाहीत, आजी-आजोबांना विचारा.

असो. कबलानने दरवाजे दाखवायच्या दुकानात बोलावलं. सोबत मुलगा, सून आणि धाकटा नातू. सुनेला गुळगुळीत पांढरे दरवाजे आवडले, बिजागऱ्या लपलेल्या, लोहचुंबकाचं कुलूप, लावलं तर आवाज नाही. खरंच सुंदर होते. मुलगा म्हणाला, “आई, सगळं फुकट आहे, पांढरा घे नि सही कर.” दाखवणारी पोरगी गोड होती. म्हणाली, “साव्ता, रंग कुठला?” मी म्हटलं, “रंग मागून. आधी त्याच्या पोटात काय आहे ते सांग.”

आतल्या दरवाजाचं पोट महत्त्वाचं. वरून सगळे सारखे दिसतात. स्वस्त दरवाजाच्या आत पुठ्ठ्याचं जाळं असतं, मधमाशांच्या पोळ्यासारखं. तो हलका असतो, पण पलीकडे कोणी शिंकलं तरी ऐकू येतं. दुसऱ्या प्रकारात लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी भरलेली असते. तो जड, आवाज अडवतो, आदळआपट सोसतो. ओळखायचा उपाय सोपा आहे. बोटाच्या पेराने ठोकून बघा. पोकळ वाजला तर पुठ्ठा, ठस्स वाजला तर भरीव. माझ्या नातवाने दुकानातले सगळे दरवाजे ठोकले. पोरगी आधी रागावली, मग हसायला लागली.

दुसरी गोष्ट पाणी. आपल्या बायकांना स्पोंजाशिवाय घर धुतल्यासारखं वाटत नाही. बादलीभर पाणी ओतायचं आणि वायपरने ढकलत न्यायचं. ते पाणी दरवाजाच्या खालच्या कडेला आणि चौकटीच्या पायाला लागतं. साधी फळी पाणी पिते, फुगते, आणि दोन-तीन वर्षांत दरवाजा जमिनीला घासायला लागतो. म्हणून न्हाणीघर, संडास आणि कपडे धुण्याच्या जागेला तरी पाणी न पिणारा दरवाजा मागा, इथे त्याला पोलिमेर म्हणतात. आणि विचारताना नुसता पल्ला नाही, चौकटसुद्धा पाण्याला टिकणारी आहे का ते विचारा. पुष्कळदा पल्ला पोलिमेरचा आणि चौकट साधी असते, मग काय उपयोग?

पण आमचा खरा प्रश्न रुंदीचा होता. आमचे हे आता वॉकर घेऊन चालतात. उद्या खुर्ची येईल, तेही आम्हा दोघांना माहीत आहे, बोलत नाही एवढंच. मिफ्रातात न्हाणीघराचा दरवाजा ७० सेंटिमीटरचा, आणि आत उघडणारा. मी पिशवीतून टेप काढली. ७० चा पल्ला म्हणजे जायला ७० ची जागा मिळत नाही. पल्ला उघडून उभा राहिला की त्याची जाडी आणि चौकटीची पट्टी यात चार-पाच सेंटिमीटर जातात. राहिले ६५. ह्यांचा वॉकर ६२. वॉकर धरलेल्या हातांची बोटं दोन्हीकडे घासणार. आणि चाकांची खुर्ची तर बाहेरच राहणार.

आत उघडणारा दरवाजा त्याहून वाईट. आमच्या जुन्या इमारतीत एक शेजारीणबाई न्हाणीत पडल्या. पडल्या त्या दरवाजाला टेकूनच. बाहेरून ढकलावा तर त्यांच्याच अंगावर दाब. शेवटी बिजागऱ्या तोडून दरवाजा काढला. बाई वाचल्या, पण अर्धा तास त्या आतून हाका मारत होत्या तो आवाज माझ्या कानातून जात नाही. म्हाताऱ्या माणसाच्या न्हाणीचा दरवाजा बाहेर उघडला पाहिजे किंवा सरकता पाहिजे. कुलूप असं हवं की बाहेरून नाण्याने फिरवता येईल. मूठ गोल नको, लांब दांड्याची हवी, म्हणजे दुखऱ्या बोटांनी किंवा कोपरानेही दाबता येते. एवढंच मी मागितलं.

पोरगी म्हणाली, रुंदी बदलता येत नाही, नकाशा झालाय. मुलगा म्हणाला, “आई, कशाला भांडतेस, इमारत व्हायला अजून कितीतरी वर्षं लागतील.” त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं. तोवर आबा असतील की नाही, असं. ह्यांनाही कळलं. हे शांतपणे म्हणाले, “मी नसेन तर तू असशील. तुलाही म्हातारपण येणारच आहे की.” मग कोणी काही बोललं नाही.

मी वआदच्या बैठकीत उभी राहिले. आमच्या जिन्यात निम्मी घरं सत्तरीच्या वरची. एकटीने मागितलं तर हट्ट, दहाजणांनी मागितलं तर मुद्दा. रहिवाशांच्या वकिलाने पत्र पाठवलं. आतल्या भिंती अजून उभ्या राहायच्या होत्या, म्हणून काम सोपं होतं. विटांचं काम झाल्यावर दार रुंद करायचं तर भिंत फोडावी लागते आणि खर्च आपल्या माथी. शेवटी ज्यांनी मागितलं त्यांना न्हाणीघराचा दरवाजा ८० चा आणि बाहेर उघडणारा मिळणार, असं लेखी झालं. भरीव पल्ल्यांचे जास्तीचे पैसे मात्र आम्हीच भरले, तेही फक्त दोन झोपायच्या खोल्यांचे. सुनेचे लपलेल्या बिजागऱ्यांचे दरवाजे राहिले. तिने तोंड वाकडं केलं नाही, हे तिचं मोठेपण.

आणखी दोन गोष्टी सांगते. एक, मझुझा. न्हाणी आणि संडासाला लागत नाही, पण खोल्यांना लागते, आत जाताना उजव्या हाताला. दोन खोल्यांच्या मधल्या दाराला ‘आत’ कुठली बाजू हे कळत नाही, तेव्हा पल्ला कोणत्या खोलीत उघडतो हे बघतात. त्याला हेकेर त्सीर म्हणतात. म्हणून दार कुठे उघडणार हे ठरलं की मगच रब्बींना विचारून मझुझा लावा.

दुसरी, ममादचा दरवाजा. १९९१ च्या युद्धानंतर, १९९२ पासून नव्या घरांत ही सुरक्षित खोली बांधतात. तिचा लोखंडी दरवाजा निवडायचा नसतो, तो पिकूद हाओरेफच्या नियमाने येतो आणि बाहेर उघडतो. त्याला भोकं पाडू नका, रबर काढू नका, त्याच्यासमोर कपाट ठेवू नका. मुलांनो, त्याला लोंबकळू नका. २०२५ च्या जूनमध्ये रात्री-अपरात्री सायरन वाजले तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात होतो. वॉकर ममादच्या दारात अडकला आणि नातवाने आबांना उचलून आत घेतलं. तेव्हापासून घरात कोणी मला विचारत नाही की टेप पिशवीत कशाला ठेवतेस.

तर वाचकहो, तुमच्याकडे असा मिफ्रात आला तर रंगाचा कागद बाजूला ठेवा. आधी घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाची रुंदी मोजा, त्याच्या काठीसकट, वॉकरसकट, खुर्चीसकट. दार बाहेर उघडतं की आत, चौकट पाण्याला टिकते का, कुलूप बाहेरून उघडतं का, हे विचारा. उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. आणि हे सगळं सही करायच्या आधी.

सगळ्यांना नव्या घरात सुखाचा प्रवेश लाभो.