आठ सेकंदांचा सूर

मेलोट्रॉन या वाद्याची पट्टी दाबली की आत एक फीत सरकू लागते. त्या फितीवर कुणीतरी कधीकाळी स्टुडिओत बसून व्हायोलिनवर लावलेला एकच सूर असतो, सलग आठ सेकंदांचा. आठ सेकंद झाले की फीत संपते आणि सूर तुटतो. बोट उचललं की स्प्रिंग फितीला मागे ओढते आणि सूर पुन्हा पहिल्यापासून उगवायला तयार होतो. मेलोट्रॉनच्या सत्तरीतल्या सर्वपरिचित मॉडेलला अशा ३५ पट्ट्या आणि ३५ फिती. वादकाला हा हिशेब बोटांत मुरवावा लागतो. एका पट्टीचा श्वास संपत आला की दुसरीनं तिच्या हातून सूर घ्यायचा. एकाच वेळी फार पट्ट्या दाबल्या तर आतली मोटर दमते आणि सगळे सूर किंचित खाली बसतात. यंत्र म्हणून हा दोषच. मला मात्र तो या वाद्याचा कंठ वाटतो. थंडीच्या पहाटे कुणी गायला बसलं की पहिल्या स्वराला जी थरथर असते, तीच ही.

प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचं जे संगीत इंग्लंडमध्ये १९७० च्या आगेमागे बहरलं, त्याच्या अंगणात हे वाद्य वाढलं. मूडी ब्लूज, किंग क्रिमसन, जेनेसिस यांनी त्याला घराघरांत पोचवलं. त्याचा पूर्वज मात्र अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात हॅरी चेंबरलिन नावाच्या माणसानं फितींवर वाजणारं वाद्य बनवलं. १९६२ साली त्याच्या विक्रेत्यानं त्यातली दोन यंत्रं इंग्लंडला नेली आणि बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी त्यांच्यावरून मेलोट्रॉन घडवलं. त्यानंतर ३२ वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९९४ च्या दिवशी, लॉस एंजेलिसच्या प्रोगफेस्ट महोत्सवात स्वीडनहून आलेला एक बँड मंचावर चढला आणि तो आवाज आपल्या जन्मभूमीत पुन्हा वाजला. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण १९९६ साली 'बरीड अलाइव्ह' या नावानं आलं. जिवंत पुरलेले. महोत्सवांत ध्वनिमुद्रित झालेल्या आल्बमांपैकी माझ्या सगळ्यात जवळचा हा.

बँडचं नाव एंग्लागोर्ड. पाच तरुण आणि बासरी वाजवणारी एक तरुणी, ॲना होल्मग्रेन. १९९१ साली एकत्र आले, १९९२ ला 'हिब्रिस' काढला, १९९४ ला 'एपिलोग'. हिब्रिस म्हणजे देवांनाही खुपेल असा गर्व, आणि एपिलोग म्हणजे उपसंहार. दोन वर्षांत गर्वापासून उपसंहारापर्यंत! त्या काळात रेडिओवर सिॲटलच्या गिटारी गरजत होत्या. २० वर्षांपूर्वी मोडीत निघालेली वाद्यं घेऊन अकरा-बारा मिनिटांच्या रचना बांधणाऱ्या या तरुणांसाठी कुठलाही दरवाजा उघडा नव्हता. रचनांची नावंही त्यांच्या मातीतलीच. 'योर्दरोक' म्हणजे शब्दशः मातीचा धूर, आणि त्या नावाचं एक रानफूलही तिकडे उगवतं. 'कुंग बोरे' हा हिवाळ्याचा राजा. 'सिस्ता सोम्रार' म्हणजे शेवटचे उन्हाळे. स्वीडिश मला येत नाही. तरी या नावांमधून वर्षाचा उतरता भाग, आखडत जाणारा उजेड आणि जंगलातली ओल माझ्यापर्यंत पोचते.

'योर्दरोक' एकट्या पियानोनं सुरू होतं. थेंब पडावेत तसे स्वर. मग सगळा बँड एकदम अंगावर येतो, आणि पुढची अकरा मिनिटं लय कुठल्याच घरात फार वेळ थांबत नाही. आपल्या कानाला सात मात्रांचं नवल नाही, रूपक आपण लहानपणापासून ऐकतो; पण रूपकात एकदा बसलं की तबलजी आपल्याला तिथेच राहू देतो. इथे सातातून पाचात, पाचातून नवात आणि अचानक एका निःस्तब्ध जागी आणून सोडतात. स्टुडिओत हे जमवायला हवे तेवढे प्रयत्न करता येतात. महोत्सवात एकच संध्याकाळ. मंच परका, मॉनिटरमधून शेजाऱ्याचं वाजवणं ऐकू येईल न येईल, आधीचा बँड उतरल्यावर सामान लावायला मिळालेली घाईची मिनिटं, आणि समोर ते लोक, ज्यांनी तुमचा आल्बम इतक्यांदा ऐकलाय की एक स्वर सुटला तरी त्यांना कळेल. या सगळ्या दडपणाचा ताण 'बरीड अलाइव्ह'मध्ये भरून राहिलाय. स्टुडिओतल्या रेकॉर्डमध्ये जिथे धुकं होतं, तिथे इथे कडा आल्या आहेत. ड्रमवरचा मात्तियास ओल्सन पुढच्या वळणावर झेप घेतो तेव्हा बाकीचे पाच जण त्याच्यासोबत पोचतात का, हा प्रश्न दर वेळी नव्यानं पडतो, उत्तर पाठ असूनही.

या कार्यक्रमानंतर बँड मोडला. ही सीडी ऐकणाऱ्याला हे ठाऊक असतं, आणि त्यामुळे 'सिस्ता सोम्रार'मधली बासरी ऐकताना मी दर वेळी जरा सावरून बसतो.

त्या गर्दीचाही विचार मनात येतो. १९९४ मध्ये हे संगीत आवडणारा माणूस आपल्या गावात बहुधा एकटाच असायचा. टपालानं यादी मागवायची, त्यातलं अर्धं नाव ऐकून अर्धं अंदाजानं निवडायचं, पैसे पाठवायचे आणि आठवडेच्या आठवडे पाकिटाची वाट पाहायची. दुकानात विचारलं तर विक्रेता खांदे उडवणार. अशी माणसं दूरदूरहून एका सभागृहात आली. आजवर एकट्यानं, दार लावून ऐकलेली रचना समोर वाजू लागते आणि शेजारचा अनोळखी माणूसही नेमक्या त्याच वळणावर श्वास रोखतो. महोत्सवातल्या आल्बमात टाळ्यांचा जो आवाज असतो, त्यात माझ्या कानाला कौतुकाइतकीच ओळख पटल्याचीही खूण ऐकू येते. 'तूही?' असं एकमेकांना विचारणारी ती टाळी. ही माणसं लयीवर टाळ्या धरत नाहीत, धरूच शकत नाहीत. नऊ मात्रांवर सभागृहानं टाळी कशी धरावी? म्हणून ती गप्प बसून ऐकतात आणि शेवटी एकदम फुटतात.

मैफलींची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला या शांततेची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तंबोरे जुळताना मांडवात हळूहळू विरत जाणारी कुजबुज, समेवर कुणाची तरी न राहवून आलेली 'वा!', कुठेतरी खोकला: यातलं काही पुसून टाकलं तर गाणं स्वच्छ होईल, पण मैफल उरणार नाही.

शांतता अर्थात सगळीकडे मिळते असं नाही. ऑगस्ट १९७० अखेर आइल ऑफ वाइट या इंग्लिश बेटावर झालेला महोत्सव आठवा. अंदाज सहा लाख माणसांचे. तिकीट न काढता हजारो लोक शेजारच्या आफ्टन डाउन टेकडीवर बसलेले, कुंपण पाडलेलं, शेवटी आयोजकांनी प्रवेश मोफत जाहीर केला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं त्या बेटासाठी कायदा करून अशा मोठ्या जमावांना परवान्याची अट घातली, आणि महोत्सव परतायला २००२ उजाडलं. त्या गोंधळात, २९ ऑगस्टला, एमर्सन, लेक अँड पामर हा बँड आपल्या आयुष्यातला दुसरा कार्यक्रम करत होता. पहिला अवघ्या सहा दिवसांपूर्वी प्लिमथला झालेला. त्यांनी वाजवायला काय घ्यावं? मुसोर्गस्कीची १८७४ ची पियानोरचना, 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन', रॉकच्या अंगानं. शेवटी मंचावर ठेवलेल्या खऱ्या तोफा उडवल्या.

त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण मात्र २७ वर्षं बंद राहिलं. लोकांच्या हाती आधी आला तो १९७१ चा न्यूकॅसल सिटी हॉलमधला कार्यक्रम, घोटलेला, सरावलेला. आइल ऑफ वाइटचा आल्बम १९९७ साली निघाला. त्याच महोत्सवातलं जेथ्रो टलचं वादन २००४ ला, मूडी ब्लूजचं २००८ ला. हे तिन्ही आल्बम ऐकताना मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एमर्सनच्या बोटांतला उतावळेपणा. अजून जगाला त्यांची नावं नीट पाठ नाहीत, आणि लाखांच्या समोर एवढं मोठं काही उचलायचं धाडस ते करतायत. ऑर्गनचा आवाज फाटतो, खुल्या मैदानात वारा ध्वनी उडवून नेतो, तरी रचना पुढे जात राहते. न्यूकॅसलची आवृत्ती नेटकी आहे, आणि तरीही मी आइल ऑफ वाइटचीच काढून ऐकतो. एमर्सन आणि लेक, दोघंही २०१६ साली गेले. १९९७ मध्ये त्या बंद ध्वनिमुद्रणातून बाहेर आलेले तिघं जण विशीतले होते आणि ते तसेच राहिले.

पुढे हे संगीत लाखांवरून हजारावर आलं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावी १९९९ पासून निअरफेस्ट भरू लागला, आणि मोठी जागा लागली तेव्हा तो तिथल्या लिहाय विद्यापीठाच्या झोल्नर आर्ट्स सेंटरमध्ये गेला. साधारण हजार आसनं, खुर्चीत बसून ऐकायचं. बेथलेहेम म्हणजे पोलादाचं गाव. गोल्डन गेट पुलाचं पोलाद इथल्या कंपनीनं पुरवलेलं. १९९५ मध्ये इथल्या भट्ट्या विझल्या, पण त्यांचे मनोरे अजून उभे आहेत. थंड पडलेल्या भट्ट्यांच्या गावात दर जूनला लोक यायचे आणि ज्या संगीताला जगानं थंड ठरवलं होतं ते पेटवून परत जायचे. ग्लास हॅमर, स्ट्रॉब्स अशा बँडांचे 'लाइव्ह ॲट निअरफेस्ट' या नावाचे आल्बम निघाले. २००२ आणि २००३ साली महोत्सव ट्रेंटनला हलला होता, आणि २००३ च्या त्या महोत्सवात पुन्हा एकत्र आलेला एंग्लागोर्ड वाजला. जिवंत पुरलेले लोक उठून आले होते. २०११ साली तिकिटं पुरेशी खपली नाहीत म्हणून निअरफेस्ट रद्द झाला, आणि २०१२ ला निरोपाचा एक महोत्सव करून आयोजकांनी थांबायचं ठरवलं.

शेवटी लोरेलाय. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या एका वळणावर १३२ मीटर उंचीचा हा कडा आहे. इथे बसून केस विंचरणारी एक स्त्री गायची आणि तिचं गाणं ऐकता ऐकता नावाडी खडकावर आदळायचे, अशी दंतकथा. हाइनेनं तिच्यावर कविता लिहिली. त्या कड्यावर उघडं नाट्यगृह आहे, आणि २००६ पासून तिथे 'नाइट ऑफ द प्रॉग' हा महोत्सव भरू लागला. जुलै २०१८ मध्ये तिथे बिग बिग ट्रेन हा इंग्लिश बँड वाजला. इंग्लंडबाहेरचा त्यांचा हा पहिलाच कार्यक्रम. त्यांची गाणी इंग्लंडमधल्या नद्यांची, आगगाड्यांची, पूल बांधणाऱ्यांची, युद्धाहून न परतलेल्यांची. गायक डेव्हिड लाँगडन २००९ पासून त्यांच्यात होता. तो बासरीही वाजवायचा. गाताना त्याच्या आवाजात एक ऊब असते. तो समोरच्या प्रत्येकाला आत बोलावतो.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एका अपघातानं लाँगडन गेला, ५६ वर्षांचा होता. त्या लोरेलायच्या रात्रीचा आल्बम २०२२ साली आला आणि त्याला त्यांनी नाव दिलं 'समर शॅल नॉट फेड'. उन्हाळा सरणार नाही. शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीताची आठवण जागी करणारं नाव. आपल्याकडे उन्हाळा कधी सरेल याची वाट पाहतात, मे संपता संपता डोळे पश्चिमेच्या ढगांकडे लागतात. हे नाव मला पटायला म्हणून थोडा वेळ लागला. तिकडचा उन्हाळा म्हणजे वर्षभर ज्याची वाट पाहावी असा उजेड, रात्री नऊलाही आकाश पांढरं ठेवणारा, आणि बोट ठेवीपर्यंत सरणारा. त्या उजेडात एक माणूस आपल्या देशाबाहेर पहिल्यांदा उभा राहून गातोय. गाणं संपल्यावर तो समोरच्यांचे आभार मानतो, मंडळी ओरडतात, तो पुढचं गाणं सुरू करतो. तिथे टाळ्या वाजवणाऱ्या कुणालाही माहीत नव्हतं की आपल्या या टाळ्या एका स्मरणग्रंथाची पानं होणार आहेत. तो आल्बम लावला की मी गाण्यांच्या मधल्या जागा कधीच पुढे सरकवत नाही. गाण्याआधी त्यानं घेतलेला श्वास मला हवा असतो.

काल रात्री पाऊस होता. 'बरीड अलाइव्ह' लावली, दिवा मालवला. शेवटी 'कुंग बोरे' आलं, हिवाळ्याच्या राजाची बर्फाळ मिरवणूक, मेलोट्रॉनचे सूर एकमेकांच्या हातातून पुढे जाताना. लाइव्ह आल्बमांत बहुधा टाळ्याही एका ठिकाणी थांबवल्या जातात. मिक्सिंगला बसलेला माणूस आवाजाची सरकपट्टी हळूहळू खाली आणतो, आणि त्याच्या बोटाखाली सगळं सभागृह बारीक होत जातं. ते बोट खाली येऊ लागलं की मी माझ्या बाजूनं आवाज वाढवत जातो. ते लोक लांब जातात, मी त्यांच्या मागे जातो. बटण पार शेवटाला टेकलं, आणि बाहेर पागोळ्या गळत होत्या.